जुन्या लाकडाचा नवा पलंग

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात शिक्षकाने अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. मी मात्र आज पलंगाविषयी बोलणार आहे. पलंग, कपाट, गादी आणि मुलांची अभ्यासाची फळी, एवढाच माझा विषय. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर आधी देतो.

जून महिन्यात वरच्या वर्गांचे प्रवेश, पुस्तके, गणवेश यांविषयी पालकांशी बोलणे होते. दरवर्षी काही पालक सांगतात, "सर, थोडं थांबा. पलंग-कपाटाचे हप्ते चालू आहेत. दिवाळीपर्यंत सुटतील." हे सांगणारा पालक उधळ्या नसतो. कोणी यंत्रमागावर काम करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणाच्या घरी आई विड्या वळते. घरात लग्न निघाले किंवा नवे घर मिळाले की फर्निचर दुकानातूनच आणावे लागते, असे तो धरून चालतो. आता हिशेब पाहू. समजा, पलंग, कपाट आणि आरसा असा संच २४ हजार रुपयांना घेतला आणि एका वर्षाचे हप्ते बांधले. व्याज बाजूला ठेवले तरी महिन्याला २ हजार रुपये झाले. हप्ता चुकला तर वसुलीवाला दारात येतो. शाळेची फी चुकली तर शाळा दारात येत नाही. त्यामुळे घरात काही थांबवायची वेळ आली की शिक्षण थांबते.

माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. थोरल्या बहिणीच्या लग्नात दिलेल्या फर्निचरचे हप्ते त्या वर्षी फिटायचे होते. अकरावीचा प्रवेश पुढच्या वर्षावर गेला आणि ते पुढचे वर्ष काही आले नाही. मी त्यांच्या घरी जाऊन बोललो होतो. वडिलांना दोष द्यावा असे मला तेथे काही दिसले नाही. दुसरा मार्ग असतो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच. तो मार्ग आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

मी सुतार नाही. बी.ए., बी.एड. होऊन मराठी आणि इतिहास शिकवतो. शाळेतील कार्यानुभवाचा तास माझ्याकडे आला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातील एका वृद्ध मिस्त्री चाचांकडे सुट्टीत बसून मी जे शिकलो, ते विद्यार्थ्यांबरोबर करून पाहिले. त्यातून जे खरे ठरले, तेवढेच सांगतो.

प्रथम आपल्या घरांचा विचार करू. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे बेडरूम नावाची वेगळी खोली नाही. रात्री ज्या खोलीत झोपायचे, तीच दिवसा जेवणाची, तीच विड्या वळण्याची, तीच पाहुण्यांची आणि तीच अभ्यासाची. सोलापूर हे गिरण्यांचे, मागांचे आणि विड्यांचे शहर. येथील कामगारांची घरे पहिल्यापासून लहानच. कुंभारी येथे विडी कामगार भगिनींसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्यानंतर १९ जानेवारी २०२४ रोजी तेथेच रे नगरमधील १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरा वेचणाऱ्या भगिनी अशा कष्टकऱ्यांची ती घरे आहेत. हक्काचे छप्पर मिळणे ही मोठीच गोष्ट. परंतु लहान घरात दुकानातला सहा फुटी रुंद पलंग आणून ठेवला की चालायलाही जागा उरत नाही. तो पलंग कारखान्यात ठरलेल्या मापाने होतो. आपल्या भिंती त्या मापाच्या नसतात.

दुसरी गोष्ट त्या पलंगाच्या आतल्या मालाची. स्वस्त म्हणून जे विकले जाते, त्यात पुष्कळ वेळा लाकडाचा भुसा आणि चुरा डिंकाने दाबून केलेली फळी असते. वर चकचकीत कागद चिकटवलेला असतो. आपल्या घरांत फरशी पाण्याने धुतात. ते पाणी फळीच्या कडेतून आत शिरले की ती फुगते, आणि फुगलेल्या फळीत स्क्रू पकड धरत नाही. एकदा उघडून पुन्हा जोडला की तो पलंग डुगडुगू लागतो. मिस्त्री चाचा म्हणतात, "मास्तर, पॉलिश देखके लेनेवाले भोत हैं, नीचे हात डालके देखनेवाला एक भी नै." फर्निचर पाहायला जाल तेव्हा खाली हात घालून पाहा, ही पहिली सूचना.

आता जुने लाकूड कोठून मिळते ते पाहू. सोलापूर आणि आसपासच्या गावांत माळवदाची घरे पुष्कळ होती. त्यांच्या छताला तुळया, कड्या आणि खांब लाकडाचे. ऐपतदारांच्या वाड्यात सागवान, साध्या घरात कडुलिंब आणि बाभूळ. ही घरे पाडून स्लॅबची घरे होतात, तेव्हा ते लाकूड जुन्या लाकडाच्या वखारीत येते. चौकटी, दारे, खिडक्याही येतात. हातमाग मोडीत निघाले तेव्हा त्यांचे जाड लाकडी सांगाडेही काही घरांच्या माळ्यावर पडून राहिले. यंत्रे ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या औद्योगिक वसाहतीतून भंगारात जातात. हे सगळे लाकूड सारख्या योग्यतेचे नसते. पाय आणि आडवे भार घेण्यासाठी साग, बाभूळ किंवा कडुलिंब घ्यावा. खोक्याचे पाइन नरम असते. ते पट्ट्यांना, खणांना, कपाटाच्या फळ्यांना चालते, पण पायांना नको.

जुन्या लाकडात एक मोठा गुण असतो. ते अनेक वर्षे वाळलेले असते. नवे ओले लाकूड सोलापूरच्या उन्हाळ्यात आकसते, पिळते आणि सांधे सोडते. चाळीस-पन्नास उन्हाळे पाहिलेल्या तुळईचे जे काही व्हायचे ते होऊन गेलेले असते. मात्र पारखून घ्यावे लागते. त्यासाठी चार परीक्षा सांगतो.

पहिली, हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले लाकूड बद्द आवाज देते. दुसरी, टोकदार दाभण घेऊन टोकांशी आणि भिंतीत गाडलेल्या भागात टोचून पाहावे. दाभण सहज आत गेली तर तेवढा भाग कापून टाकावा. तिसरी, बारीक छिद्रे दिसली तर लाकूड आपटून पाहावे. ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड अजून आत आहे, असे लाकूड घेऊ नये. चौथी, एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहावे, म्हणजे वाक आणि पीळ कळतो. सागाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. सागाचा आतला तपकिरी गाभा वाळवीला दाद देत नाही, पण बाहेरचा फिकट भाग कीड खाते. साग आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही.

काय आणू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण या वस्तूंवर आपली मुले झोपणार आहेत. रंगकामाचे किंवा रसायनांचे पिंप ज्या फळ्यांवर ठेवले होते, त्या डाग पडलेल्या फळ्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. परदेशातून आलेल्या खोक्यांवर व पॅलेटवर शिक्का असतो. त्यात 'एचटी' ही अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात नको. सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे कापून कपाटाची पाठ करण्याचा मोह काहींना होतो. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते आणि कापताना त्याची धूळ फुप्फुसात जाते. ते पत्रे कापूच नका.

जुन्या रंगाविषयी विशेष सांगतो. रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारा-खिडक्यांच्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. बुद्धीची वाढ खुंटते, अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये आणि जाळून तर मुळीच काढू नये. पाणी मारून ओला ठेवून पत्रीने खरवडावा, खाली जुना प्लास्टिकचा कागद पसरावा, काम घराबाहेर करावे, लहान मुलांना आणि गरोदर भगिनींना दूर ठेवावे, आणि जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. खरवडलेली पापुद्री गोळा करून बांधून टाकावी, अंगणात झाडू नये.

आता कामाला लागू. लाकूड घरी आले की प्रथम खिळे काढायचे. गंजलेला खिळा लाकडात मोडून राहतो आणि डोळ्याला दिसत नाही. आमच्या शाळेत मुले प्रयोगशाळेतील चुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवतात. जेथे चुंबक ओढ घेतो तेथे खडूने खूण करतात. खिळा राहिला तर कटाई करणाऱ्याचे पाते जाते आणि तो पुन्हा जुने लाकूड हाती घेत नाही. खिळे काढताना पायात बूट असावेत, आणि हे काम करणाऱ्याने धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे.

मग ढेकूण. जुन्या लाकडाला नाक मुरडण्याचे हे एक खरे कारण आहे आणि त्यावर उपाय आहे. फटीफटीतून उकळते पाणी ओतावे. ५० अंश सेल्सिअसच्या वर काही तास राहिले की ढेकूण टिकत नाही. आपला एप्रिल-मे महिना येथे कामी येतो. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून चार-पाच दिवस गच्चीवर ठेवलेल्या फळ्या चांगल्याच तापतात. जाड तुळईच्या आतपर्यंत ती उष्णता जात नाही, म्हणून तिच्या फटी उकळत्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, लांबी भरून बुजवून टाकाव्यात. ढेकणाला लपायला फट उरता कामा नये.

पलंगाचे माप आता फळ्यावर लिहिले आहे, ते विद्यार्थ्यांनी उतरून घ्यावे. हा एका माणसाचा पलंग, आतून ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद. चार पाय, प्रत्येक ३ इंच बाय ३ इंच, उंची १८ इंच. दोन लांब गाती, प्रत्येक ७२ इंच लांब, ५ इंच रुंद, दीड इंच जाड. दोन आखूड गाती त्याच जाडी-रुंदीची, ३६ इंच लांब. लांब गात्यांच्या आतल्या अंगाला दीड इंच चौरस अशा दोन रिपा. त्यांवर आडव्या १४ पट्ट्या, प्रत्येक ३६ इंच लांब, ३ इंच रुंद, पाऊण इंच जाड. मधोमध, पट्ट्यांच्या खालून ७२ इंच लांब, ३ इंच रुंद, दीड इंच जाड असा एक आधार.

आता गणित पाहा. लाकूड घनफुटावर विकले जाते आणि एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात. चार पाय मिळून ६४८ घनइंच आणि दोन लांब गाती मिळून १,०८० घनइंच. बेरीज १,७२८, म्हणजे बरोबर एक घनफूट. आखूड गाती ५४०, रिपा ३२४, पट्ट्या १,१३४ आणि मधला आधार ३२४. सगळे मिळून ४,०५० घनइंच, म्हणजे सुमारे २.३५ घनफूट. सांध्यासाठी लागणारी वाढीव लांबी, करवतीत जाणारे आणि किडके म्हणून कापून टाकलेले धरून साडेतीन घनफूट जुने लाकूड घ्यावे. वखारीत जाऊन भाव विचारा, त्याला साडेतीनने गुणा, आणि मग दुकानातील पलंगाची किंमत आठवा. नववीतल्या मुलामुलींना हे गणित येते. वडिलांबरोबर त्यांनाच वखारीत न्यावे.

पट्ट्यांमधील अंतरही मोजून घ्या. चौदा पट्ट्यांनी ४२ इंच व्यापले. उरले ३० इंच आणि फटी १३. प्रत्येक फट साधारण सव्वादोन इंच येते. एवढी फट गादीला हवा देते आणि गादी खाली खचू देत नाही. गात्याखाली १३ इंच मोकळी जागा राहते. आपल्या घरातील पत्र्याची पेटी, विड्यांचे सूप, पाहुण्यांच्या अंथरुणाची वळकटी तेथे जाते.

पलंग मोडतो तो लाकडात मोडत नाही, सांध्यात मोडतो. नुसत्या खिळ्यांवर केलेला पलंग सहा महिन्यांत करकरू लागतो. म्हणून आखूड गात्याच्या टोकाला कुसू काढावा, म्हणजे टोक बारीक तासावे, आणि पायात तेवढीच खोबण पाडून, डिंक लावून तो आत बसवावा. लांब गाती मात्र बोल्टने जोडावीत. ६ इंची बोल्ट पायातून आरपार गात्याच्या टोकात जातो. गात्याच्या आतल्या बाजूला टोकापासून अडीच इंचांवर खाच पाडून तिच्यात नट बसवायचा. प्रत्येक सांध्याला दोन बोल्ट, म्हणजे एकूण आठ. असा पलंग सुटा होतो. आपल्या बोळांतून आणि अरुंद जिन्यांवरून तो सहज नेता येतो, आणि वर्षातून एकदा पाना घेऊन नट आवळले की पुन्हा ताठ होतो. पट्ट्या खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने बसवाव्यात. बाभळीच्या लाकडात आधी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर ते फुटते. पलंग आडवा हलत असेल तर डोक्याकडच्या बाजूला कोपऱ्यात एक तिरकी पट्टी द्यावी. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. भूमितीच्या पुस्तकातला त्रिकोण येथे उपयोगी पडतो.

ज्यांना एवढेही लाकूड परवडत नाही, त्यांच्यासाठी आपली जुनी बाज आहे. चार माचवे, चार गाती आणि वर सुती नवार. नवार सैल झाली की ओढून पुन्हा ताणता येते, मळली की धुता येते. दिवसा बाज भिंतीला उभी केली की खोली मोकळी. लहान घरासाठी याहून सोयीची वस्तू मी अजून पाहिली नाही. आजारी माणसाला आणि वृद्धांना मात्र उठण्याबसण्यासाठी ताठ पट्ट्यांचा पलंगच बरा.

कपाटासाठी जुनी खिडकी-दारे उत्तम. घड्या घातलेल्या कपड्यांना १५ इंच खोली पुरते, टांगण्याच्या कपड्यांना मात्र २० ते २२ इंच लागते. भिंतीत कोनाडा किंवा फडताळ असेल तर त्याला फक्त जुनी दारे बसवा, वेगळे कपाट लागतच नाही. सुटे उंच कपाट केलेत तर त्याची वरची बाजू भिंतीला लोखंडी पट्टीने पक्की करा. लहान मुले खण ओढून त्यांवर चढतात आणि कपाट अंगावर येते.

एका जुन्या दाराचे अर्धे फळकूट वाया घालवू नका. भिंतीला एक रीप ठोकून, दोन बिजागऱ्यांवर ते फळकूट बसवा आणि खालून दुमडणारा टेकू द्या. जमिनीवर बसून लिहायचे असेल तर उंची १२ ते १३ इंच, खुर्चीवर बसून लिहायचे असेल तर २८ ते २९ इंच. अभ्यास झाला की फळी खाली पाडायची. ज्या घरात मुलीला अभ्यासाला जागा नसते, त्या घरात ही एक फळी पलंगाइतकीच महत्त्वाची आहे.

गादीचे तर आपल्याला नवे सांगायला नको. आपल्यातील पिंजारी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केले. दबलेला कापूस पुन्हा पिंजला की तो पुन्हा फुलतो, आणि जुनी गादी थोड्या नव्या कापसात नवी होते. वर आपल्या शहराची चादर अंथरली की आणखी काय हवे?

येथे एक गैरसमज दूर करतो. मिस्त्रीला वगळा असे मी म्हणत नाही. खिळे काढणे, धुणे, वाळवणे, रंग खरवडणे, काचकागदाने घासणे आणि पॉलिश करणे ही वेळखाऊ कामे घरच्यांनी करावीत. कुसू, खोबण आणि जोडणी यांसाठी मिस्त्रीला दोन दिवस बोलवावे आणि त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी. पैसा आपल्याच शहरातील कारागिराच्या हाती जातो, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलाला दोन दिवसांत जे शिकायला मिळते, ते पुस्तकात मिळत नाही.

आता शेवटचा आणि खरा अडथळा. तो लाकडाचा नाही, लाजेचा आहे. "जुन्या लाकडाचा पलंग? लोक काय म्हणतील?" मित्रहो, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लाकडाची टंचाई झाली, तेव्हा १९४२ साली तेथील सरकारने 'युटिलिटी' फर्निचरची योजना आणली. नक्षी नाही, दिखावा नाही, मजबूत सांधे आणि ठरलेली किंमत. हे फर्निचर प्रथम नवविवाहितांना आणि बॉम्बहल्ल्यात घरे गमावलेल्यांना मिळत असे. १९५२ पर्यंत ही योजना चालली. हॉलंडचे नामांकित वास्तुशिल्पी गेरिट रिटफेल्ड यांनी १९३४ च्या सुमारास, मंदीच्या काळात, खोक्यांच्या साध्या फळ्यांच्या खुर्च्या-टेबलांची रचना केली. ती सुट्या भागांत विकली जात आणि गिऱ्हाईक घरी जोडत असे. इटलीच्या एन्झो मारी यांनी १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळ्यांच्या फर्निचरचे आराखडे प्रसिद्ध केले. टपालखर्च पाठवणाऱ्याला ते मिळत, आणि त्यांत पलंगाचेही आराखडे होते. श्रीमंत देशांतल्या थोर कलावंतांना ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी?

आपल्याकडेही ही परंपरा आहे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना तयार करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. हाताने काम करणे हा शिक्षणाचा भाग आहे, असे त्या विद्वानाने मानले. आपल्या मुलांनी करवत धरली तर त्यांच्या पदवीला कमीपणा येत नाही, आणि मुलींनी धरली तरी येत नाही. आमच्या कार्यानुभवाच्या तासाला गुण्या लावून काटकोन तपासण्यात मुलीच अधिक काटेकोर निघाल्या.

आणि जहेजविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लग्नाच्या बैठकीत मेहेरची रक्कम हळू आवाजात ठरते आणि पलंग-कपाटाची यादी मोठ्याने वाचली जाते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मेहेरला हुंड्याच्या व्याख्येतून वगळले आहे, कारण तो स्त्रीचा हक्क आहे. मुलीच्या बापाकडे फर्निचर मागणे मात्र त्या कायद्याने गुन्हा आहे. हदीसमध्ये नोंद आहे की, पैगंबर साहेबांचे अंथरूण चामड्याचे होते आणि त्यात खजुराच्या झाडाचा काथ्या भरलेला होता. ज्यांचे अंथरूण असे होते त्यांचे आपण अनुयायी, आणि आपण चकचकीत पलंगासाठी कर्ज काढतो. मुलाच्या वडिलांना माझी विनंती आहे की, आपल्या सुनेसाठी पलंग आपण स्वतः करावा. मुलाने खिळे काढावेत, बापाने पॉलिश करावे. ज्या घरात नवरा मुलगा आपल्या हाताने पलंग करतो, त्या घरात मुलगी द्यायला कोणताही बाप दोनदा विचार करणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर तुमच्या खोलीचे माप घ्या. लांबी, रुंदी, दार कोठे उघडते, खिडकी कोठे आहे, हे वहीत काढा आणि त्यात ६ फूट बाय ३ फुटांचा पलंग कसा बसेल ते पाहा. उरलेल्या भिंतीवर अभ्यासाची फळी कोठे येईल तेही आखा. ती वही घेऊन रविवारी सकाळी शाळेच्या कार्यानुभवाच्या खोलीत या, बरोबर वडिलांना किंवा आईला आणा. करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या तेथे आहेत, आणि मिस्त्री चाचांनी दर रविवारी दोन तास येण्याचे कबूल केले आहे.

पालकहो, जे पैसे वाचतील ते कोठे ठेवायचे हे मी सांगण्याची गरज नाही. फक्त एवढे करा की, पलंग पुरा झाला त्या दिवशी मुलीच्या किंवा मुलाच्या नावाने पोस्टात खाते उघडा, आणि दुकानाला जो हप्ता दिला असता तो दर महिन्याला त्यात भरा. वर्षाअखेर ते खातेपुस्तक घेऊन माझ्याकडे या. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज मी स्वतः भरून देईन.

 

— सहशिक्षक, बी.ए., बी.एड.